द्वारकीची आणेवारी

पिंपळनेरकडून तलाठी आणि सर्कल आणेवारीला निघाले, की आमच्या गावात आधी झुलाल आबाला बोलावणं जायचं. पीक किती आणे आलं हे साहेब ठरवायचा. पण साहेबानं कुठून कुठं चालायचं, हे आबा ठरवायचा. खडकाळ टेपाडावरची बाजरी आधी दिसायची. विहिरीखालचं हिरवं शेवटी ठेवलेलं असायचं, आणि तोवर साहेबाच्या मानेवर ऊन चढलेलं असायचं. मग आबा बाभळीखाली पाण्याचा तांब्या पुढं करायचा आणि साहेब तिथंच टेकून लिहायचा. सहा आण्यांच्या आत लिहिलं गेलं की शेतसारा माफ.

"सरकारले चांगलं दखाडू नही, भो," साहेबाची पाठ वळली की आबा मिशीतल्या मिशीत म्हणायचा. "चांगलं देखीसन सरकार लेस. वाईट देखीसन देस."

गावात याला कुणी लबाडी म्हणत नसे. ज्याचं शेत दाखवायचं राहिलं तोच तेवढा म्हणायचा, आणि तोही पुढच्या वर्षी आबाच्या ओसरीवर येऊन बसेपर्यंत.

बहात्तर सालानं आबाची ही कला बसवून ठेवली. पाऊसच आला नाही. लपवायला हिरवं आणि दाखवायला वाळलं, असं वेगळं काही राहिलं नाही. साहेब जीपमधून उतरलासुद्धा नाही; बसल्या बसल्या त्यानं लिहून टाकलं. तांब्या घेऊन उभा राहिलेला आबा पाणी स्वतःच प्यायला आणि घरी आला. दुष्काळापेक्षा हे त्याला जास्त लागलं असावं.

त्या उन्हाळ्यात अर्धं गाव पाझर तलावाच्या कामावर होतं. आबाचा मुलगा वना खडी फोडायचा. जुन्या टायरच्या कड्यात दगड धरायचा आणि हातोडी मारायची, म्हणजे कपच्या डोळ्यात उडत नाहीत, तरी उडायच्याच. सून कौतिक मातीची घमेली वाहायची. डोक्यावरच्या चुंबळीखाली तिचे केस विरळ होत चालले होते. आणि घमेल्याआधी, पहाटे घरून निघताना, तिच्या पाठीवर द्वारकी असायची.

द्वारकी ही वना-कौतिकची एकुलती पोर. सातवं लागलेलं. जन्मली तेव्हा रडली नव्हती; सुईणीनं उलटी धरून थापट्या मारल्या तेव्हा कुठं आवाज आला. मान उशिरा धरली, बसली उशिरा, चालली नाहीच. डावा हात कोपरात मोडून छातीशी धरलेला, डावा पाय उजव्यावर कात्रीसारखा चढलेला. बोलायची, पण तोंडात घास असल्यासारखी. ते घरच्या तिघांनाच कळायचं. त्यातही जास्त आबाला, कारण कामावर न्यायच्या आधी ती सगळा वेळ त्याच्याच मांडीवर वाढली होती.

कौतिक तिला बाभळीखाली गोणपाटावर बसवायची. पोर बसल्या जागेवरून सगळं काम चालवायची म्हटलं तरी चालेल. उजव्या हातानं बाजरीतले खडे वेचायची. शेरडाचं दावं दातानं सोडायची आणि शेरडू पळालं की हसून गडबडा लोळायची. पण तिची खरी करामत वेगळीच होती. मुकादम शालिग्राम तंबाखूचा बार भरण्याआधी एक डोळा मिटून खालचा ओठ पुढं काढायचा. द्वारकी तस्साच काढायची. मग बायांची रांग मोडायची, कुणाचं घमेलं कलंडायचं.

"कोन हसनं?" शालिग्राम ओरडायचा.

"कोनी नही, दादा. धूळ गयी नाकमा."

एकदा त्यानं स्वतःच पाहिलं. तोही हसला. मग त्या दिवशी कौतिकची मातीची खेप त्यानं लांबच्या खड्ड्यावरून लावली. हसण्याची वसुली कुठून करायची, हे मुकादमाला पक्कं ठाऊक असतं.

कामावर आणलेल्या पोरांना सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक पीठ, वाटत; द्वारकीलाही त्यासाठीच नेलं जायचं. एका दुपारी सुकडीच्या गाडीतून सुनंदाबाई उतरल्या. धुळ्यात एका संस्थेनं अधू मुलांसाठी नवं केंद्र काढलं होतं, तिथल्या त्या. पांढरी साडी, पायात पुरुषासारखी चामडी चप्पल. त्या बाभळीखाली द्वारकीसमोर उकिडव्या बसल्या. द्वारकीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग त्यांच्या चपलेकडं.

"बाजारच्या दिवशी पिंपळनेरच्या धर्मशाळेत आणा हिला," बाई म्हणाल्या. "तपासणी आहे."

"औषध देशात का, बाई?" कौतिकनं विचारलं.

"आधी पाहायचं. मूल काय करतं, काय करत नाही. मग त्याप्रमाणे मदत ठरते. प्रत्येकाची वेगळी."

संध्याकाळी कौतिकनं हे घरी सांगितलं. आबा खाटेवर दोर आवळत होता. त्याचा हात थांबला.

"पाहीसन मदत ठरी?"

"हां. आसंच सांगं."

"कोन पाही? बाहेरनी बाई?"

"धुयानी."

बऱ्याच दिवसांनी आबानं मिशीवरून हात फिरवला.

वनाला बापाचा रंग कळला. "आबा, हाऊ काय सारा नही शे," तो म्हणाला, पण दिवसभर दगडावर बसून त्याच्या कमरेत इतकी कळ होती की पुढं वाद घालण्याआधीच तो आडवा झाला.

आबाचा हिशोब असा होता. हा हिशोब त्यानं सुनेसमोर मोठ्यानं मांडला, कारण त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटत नव्हतं. "मी पिकेल पान. वना खडी फोडस, उद्या त्यानी कमर गयी. पोरनं पुढं काय? थोडी अधू दखाडी तर एखादी औषधनी गोई देतीन आणि वाटे लावतीन. बठ्ठी अधू दखाडी तर सरकारले तिना जलमभर देखनं पडी. सरकारना गयामा बांधी देऊत तिले."

"पन तिले इतलं समजस, आबा."

"समजस ते आपला घरमा. बाईले कसाले दखाडानं?"

सासऱ्यानं साहेब फिरवलेले कौतिकनं लग्न होऊन आल्यापासून पाहिले होते. कधी हुकलं नव्हतं.

शिकवणी ओसरीवर झाली. आबा बाई झाला. गोवरीचा तुकडा द्वारकीसमोर ठेवून तो बारीक आवाजात म्हणायचा, "बाळ, उचल बघू!" आणि द्वारकी खिदळत उचलायला जायची.

"नही! उचलानं नही. वर देख. तोंड उघडं ठेव. लाय गयी तर जाऊ दे."

द्वारकीला खेळ कळायला वेळ लागला नाही. शालिग्रामपेक्षा हा सोपा होता. नजर आढ्याला, मान सैल, ओठातून लाळेची तार. कौतिकनं चुलीपुढून वळून पाहिलं आणि तिच्या हातची भाकरी तव्यावर तशीच राहिली. पोर क्षणभर खरोखर तशी दिसली होती.

"वा रे मनी वाघीन!" आबा म्हणाला. मग तो खाटेवरून खाली उतरून तिच्याजवळ बसला. साहेब फिरवून फिरवून तो एक गोष्ट शिकला होता. साहेबाला संशय आला की तो शेतकऱ्यालाच म्हणतो, चांगलं कणीस तूच काढून दाखव. "ध्यान दे. बाई माले सांगी, आबा, तुम्ही सांगा तिले. मंग मी सांगसू, कर माय, कर. तरी तू करानं नही. मी ओरडनू तरी नही. मी रडनू तरी नही. समजनं?"

द्वारकीनं मान हलवली. आबा रडणार, हे तिला फार आवडलं.

धर्मशाळेत रांग होती. कुणाचं पोर खांद्यावर, कुणाचं झोळीत. नंबर आला तेव्हा सुनंदाबाईंनी सतरंजीवर लाकडी पेटी उघडली. ठोकळे, मणी, कापडी बाहुली, चित्रं, दोन पितळी पेले आणि एक लाल चेंडू. द्वारकीची नजर चेंडूवर गेली, आणि लगेच आढ्याला लागली.

बाईंनी ठोकळ्यावर ठोकळा ठेवला. द्वारकीनं ठेवला नाही. कुत्र्याचं चित्र दाखवून "कुत्रा कुठाय?" विचारलं. धर्मशाळेच्या दारात खरा कुत्रा होता. द्वारकीनं त्याच्याकडंही पाहिलं नाही. चेंडू पेल्याखाली झाकला. लाळेची तार हनुवटीवरून झग्यावर उतरली. बाई घाईच्या नव्हत्या. त्यांनी बाहुली दिली, घंटी वाजवली, गप्प बसून राहिल्या, पुन्हा सुरुवात केली.

"बुजली असेल," त्या म्हणाल्या. "आबा, तुम्ही सांगा तिला."

आबा जणू याचीच वाट पाहत होता. "कर ना माय. दखाड बाईले. चेंडू कथा गया?" त्याचा आवाज इतका कळवळलेला होता की मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. द्वारकीची मान आणखी सैल झाली.

"घरी काय काय करते?"

"काही नही, बाई. मांसना गोया शे. जथा ठेवा तथा पडेल."

"हातानं जेवते?"

"आम्हीच खावाडतस."

बाईंनी वाटीत दूधभात मागवला आणि कौतिकला भरवायला सांगितला. द्वारकी तीन वर्षांची झाल्यापासून कुणाच्या हातचा घास घेत नसे. कुणी भरवायला गेलं तर हात झटकून टाकायची. कौतिकनं घास पुढं केला. पोरीनं तोंड उघडलं, अर्धा घास ओठातून परत पडू दिला. कौतिकनं तो हनुवटीवरून निपटला. दुसरा घास केला. तिसरा घास ती वाटीतच कालवत राहिली, आणि बाईंना वाटलं, आई थकली आहे.

"बसा," बाई हलक्यानं म्हणाल्या.

त्यांनी लिहून घेतलं. मग आबाला समजावलं. हिला तूर्त वर्गात घालून उपयोग नाही. घरीच सांभाळा. दूध पावडर मिळेल, अंगावर घ्यायला घोंगडी मिळेल. आईनं हातपाय असे असे चोळायचे. वर्षानं पुन्हा आणा.

आबानं पावडरचा डबा काखेत मारला. परतताना शेजाऱ्याच्या बैलगाडीत तो रंगात होता. "ही पहिली खेप शे. आते सुरू व्हयनं समज." द्वारकी घोंगडीत गुंडाळून बसली होती. तिनं एकदम तोंड उघडं टाकून नजर आभाळाला लावली, आणि आबा खो खो हसला. कौतिकनं मुलीच्या पाठीत धपाटा घातला. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. द्वारकी रडली नाही. काय चुकलं, असं बघत राहिली.

गफूर पिंजाऱ्याची बायको रईसा त्याच कामावर यायची. कापूसच नाही तर पिंजणार काय, म्हणून दोघंही मातीवर. त्यांच्या नसीमचा एक पाय तापात वाळून गेलेला होता. पुढल्या आठवड्यात घमेलं उचलायला वाकताना रईसा म्हणाली, "सुनी क्या, कौतिक? मेरी नसीमकू धुलियामें ले लिया."

"काय लिधं?"

"स्कूलमें! बच्चीने सब करके बताया बाईकू. ठोकले लगाई, नाम बोली, गाना बी बोली. बाई बोली, होशियार है, इसकू चलाके दिखाती मैं. लोहेका बूट बनाएंगे. रहनेका, खानेका, पढ़नेका, सब उधरच."

कौतिकचं घमेलं अर्धं डोक्यापर्यंत आलं होतं. ती तशीच थांबली.

"जिसकू कुछ बी नही आता, उसकू?"

"उसकू क्या? पावडरका डब्बा दिया, घरकू भेजी."

शालिग्राम ओरडला. कौतिक चालू लागली. त्या दिवशी तिनं खेपा चुकवल्या नाहीत, आणि सुट्टी झाल्यावर द्वारकीला पाठीवर घेऊन बाकीच्या बायांच्या पुढं चालत घरी आली.

आबा ओसरीवर होता. तिनं पावडरचा डबा आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. सासऱ्यासमोर तिनं कधी आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही.

"आबा, हाई आपलं बठ्ठं बक्षीस. इतलंच."

"पहिली खेप शे, सांगं ना तुले."

"दुसरी नही." तिनं रईसाचं सगळं सांगितलं. बूट, शाळा, राहणं. "जिनी करी दखाडं तिले लिधं. जिनी नही दखाडं तिले डबा."

आबानं डबा हातात घेतला, झाकण उघडलं, बंद केलं. "आसं कसं? जी जास्त अधू, तिले जास्त पाहिजे."

"ती काय वावर शे, आबा?" कौतिक म्हणाली. "वाळेल दखाडं आणि सारा माफ व्हयना?"

वना विहिरीवरून हातपाय धुऊन आला होता. तो दारातच उभा राहिला, आत येईना. मुलगा ऐकतोय हे आबाला कळलं. त्यानं डबा बाजूला सारला, धोतराच्या निऱ्या झटकल्या आणि उगाच गोठ्याकडं गेला. गोठ्यात एकच बैल उरला होता. त्याच्यापुढं उभा राहून तो बराच वेळ काहीतरी पुटपुटत होता. बैलानंही मान वळवली नाही.

सकाळी कौतिक लुगडं बदलून, द्वारकीला पाठीवर घेऊन निघाली, तेव्हा आबा काठी घेऊन दारात उभा होता. दोघं एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेली.

धुळ्याचं केंद्र म्हणजे भाड्याचं बैठं घर होतं. मागच्या अंगणात एक सुतार मुलांना धरून चालायला लाकडी चौकटी ठोकत होता. नसीम तिथं आधीच होती; तिनं द्वारकीला पाहून हात केला. द्वारकीनंही उजवा हात वर केला, आणि सुनंदाबाई दारात आल्या तसा तो टाकलाच खाली.

"वर्षानं बोलावलं होतं ना?" बाई म्हणाल्या.

"परत तपासा, बाई," कौतिक म्हणाली. "त्या दिवशी आम्ही खोटं दखाडं."

"खोटं म्हणजे?"

कौतिकनं सासऱ्याकडं पाहिलं. सुतारानं ठोकणं थांबवलं होतं. आबानं टोपी काढली. साहेबांसमोर त्यानं आजवर टोपी कधी काढली नव्हती. तांब्या पुढं करणारा माणूस तो.

"मीच शिकाडं तिले," तो म्हणाला. "काही करानं नही, आसं. माले वाटनं, जास्त भेटी."

सुतार फिसकन हसला. बाई हसल्या नाहीत. "तुमच्यामागं किती मुलं उन्हात बसली होती त्या दिवशी," एवढंच म्हणाल्या, आणि आत वळल्या. "या. पण एक जागा उरलीय, आणि मागणारी दोन मुलं आहेत. तिनं करून दाखवल्याशिवाय मी काही लिहिणार नाही."

पुन्हा तीच पेटी, तेच ठोकळे. द्वारकीनं पेटी ओळखली. आबाकडं एक तिरपा कटाक्ष टाकला, आणि मान सैल सोडून नजर आढ्याला लावली.

"कर, माय," आबा म्हणाला. "आते कर. आते खरंच करानं शे."

लाळेची तार उतरू लागली.

"द्वारकी! खेळ सरना तो. बाईले दखाड."

द्वारकीनं तोंड थोडं अधिक उघडलं. आबा ओरडला. त्यानं हात जोडले. तिच्यासमोर गुडघे टेकून गळ्याची आण घातली. त्याचे डोळे खरंच भरून आले, आणि पोरीच्या चेहऱ्यावर, त्या सैल पडलेल्या ओठांच्या कोपऱ्यात, कौतुक उमटलं. आज आबा धर्मशाळेपेक्षाही छान करत होता. ती त्याच्यापुढं कशी उणी पडणार?

कौतिकला ते कौतुक दिसलं. तिनं भिंतीला पाठ टेकली.

"तुम्ही बाहेर जा, आबा," बाई म्हणाल्या.

"मी सांगस तिले नीट..."

"जा म्हणते ना."

आबा काठी टेकत बाहेर गेला. दार लोटलं गेलं. बाई चेंडू पेल्याखाली झाकून बसल्या होत्या. द्वारकी आढ्याकडं बघत होती, मग आढ्यावरून भिंतीकडं, भिंतीवरून दाराकडं. मग तिनं आईकडं मान वळवली आणि घास भरल्यासारख्या तोंडानं काहीतरी म्हणाली.

बाई पुढं झुकल्या. "काय? काय म्हणाली?"

कौतिक भिंतीपासून पुढं झाली. "इचारस, आबा गया का."

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "गेले," त्या द्वारकीला म्हणाल्या.

द्वारकीनं उजव्या हातानं हनुवटी पुसली, हात झग्याला पुसला. बरोबर तोच पेला उचलला, चेंडू काढला. मग बाईंचे दोन्ही पेले आपल्याकडं ओढले, छातीशी मोडलेला डावा हात आडवा धरून त्याच्या आडोशानं चेंडू कुठल्यातरी पेल्याखाली सरकवला, आणि म्हणाली, "आते तू वयख."

हे बाईंनाही कळलं. त्यांनी ओळखलं, ते चुकलं. द्वारकी गडबडा लोळली.

बराच वेळ तपासणी चालली. ठोकळे रचताना हात थरथरला की द्वारकी चिडायची आणि पुन्हा रचायची. मणी एका हातानं ओवता येईनात, तेव्हा तिनं दोरा दातात धरला. चित्रं सगळी सांगितली. चित्रातल्या मास्तरला मुकादम म्हणाली. बाई लिहीत होत्या, आणि मधून मधून लिहायचं सोडून नुसत्या बघत होत्या.

शेवटी त्यांनी आबाला आत बोलावलं. "घरचं तुम्हीच सांगा. ती तुमच्याच मांडीवर वाढली म्हणतात."

आबाला धीर आला. तो बसला, टोपी घातली. "बाई, हुशार शे मनी पोर. लिखस थोडं थोडं. धरीसन चालस बी..."

"आबा," कौतिक म्हणाली.

तो थांबला.

"मला वरचं नको, खालचं नको," बाई म्हणाल्या. "जे आहे ते द्या. तिला जे येतं त्याच्यावर मी पुढचं बसवणार. चमच्याला जाड मूठ लावायची की नाही, वर्गात खाली बसवायचं की खुर्चीत, सुतार कुठली चौकट करणार, सगळं तुमच्या सांगण्यावर आहे. चुकीचं सांगितलंत तर चुकीचंच होईल, आणि भोगायचं तिनं."

आबा जमिनीकडं बघत बोलू लागला. हातानं जेवते. तांब्या उचलत नाही, वाटी उचलते. दावं दातानं सोडते. बोललेलं सगळं समजतं, न बोललेलंही समजतं. हात टेकून ढुंगणानं सरकत चुलीपर्यंत जाते.

"उभी राहते?"

आबानं काठी जवळ ओढून मुठीत धरली.

"दर आखाजीले," तो म्हणाला, "घरना मांगे, कोनी नही देखस तथा, तिले भिंतले धरीसन उभी करी देखस मी. माले वाटे, औंदा उठी." त्यानं काठीवरची बोटं सोडली, पुन्हा आवळली. "सोडं का पडस, बाई. टेकस नही पाय. औंदा बी पडनी."

कौतिकला यातलं काही ठाऊक नव्हतं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, पोरीच्या गुडघ्यावर खरचटलेलं दिसायचं, तेव्हा आबा सांगायचा, शेरडानं ढकललं.

"लिहिते," बाई म्हणाल्या, आणि तेही त्यांनी लिहिलं. "एकटी मोकळी चालणार नाही ती. चौकट धरून चालेल. वर्ष-दीड वर्ष लागेल. बोलणं सुधारेल. डोकं चांगलं आहे, वर्गात बसेल."

"मोकळी नहीच?"

"नाही, आबा."

आबानं मान हलवली. हे तो कित्येक आखाज्या भिंतीला धरून ऐकत आला होता. माणसाच्या तोंडून आज ऐकलं.

जागा द्वारकीला मिळाली. पण पहिले काही महिने तिचं बोलणं समजणारं कुणीतरी इथं राहायला हवं, असं बाई म्हणाल्या. वना गेला तर खडी राहते, कौतिक गेली तर घमेली राहतात, आणि दोघांच्या मजुरीशिवाय चूल चालत नव्हती. उरला आबा. बाईंनी कपाळाला हात लावला.

"तुमच्यासमोर ती काही करणार नाही," त्या म्हणाल्या. "एवढं पक्कं शिकवलंत. ते उतरेपर्यंत तुम्ही दाराबाहेर बसायचं. तिचं बोलणं अडलं तर बाहेरून सांगायचं. आत यायचं नाही."

"बसस, बाई," आबा म्हणाला.

कौतिक दुपारच्या गाडीनं परतली. तिला निरोप देताना द्वारकी रडली, आबा नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला तेव्हा तो पायरीवर, दाराकडं पाठ करून, बसला. ऊन फिरून पायरीवर आलं. त्यानं टोपी पुढं ओढली. जागा बदलली नाही. आत सुतारानं केलेली नवी चौकट फरशीवर घासल्याचा आवाज झाला, मग काहीतरी पडल्याचा, मग सगळं शांत.

"आबा," आतून घास भरल्यासारखा आवाज आला. "बाहेरच का?"

आबाची मान वळू पाहत होती. त्यानं ती वळू दिली नाही.

"बाहेरच शे, माय," तो म्हणाला. "तू कर."